वणव्याचा धोका आज किती? मोबाईलवरच्या हवामान अंदाजातून असा ओळखा. अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडच्या गावांसाठी माहिती

अंबरनाथ : होळीच्या आगेमागे संध्याकाळी अंबरनाथ पश्चिमेतून दक्षिणेकडे पाहिलं, तर मलंगगडाच्या रांगेवर कधी कधी लाल माळ दिसते. लांबून ती दिव्यांची आरास वाटते. पायथ्याच्या गावात मात्र त्या वेळी लोक हिरवे डहाळे घेऊन धावत असतात. कुणाची गवताची गंजी डोंगराला लागून असते, कुणाची आंब्याची कलमं, तर कुणाचं घरच.

पावसाचा इशारा टीव्हीवर येतो, मोबाईलवर येतो. वणव्याचा तसा रोजचा इशारा आपल्या गावापर्यंत सहसा पोहोचत नाही. पण वणवा कोणत्या दिवशी भडकणार हे ठरवणारे जवळपास सगळे आकडे हवामानाच्या रोजच्या अंदाजात असतात. ते वाचता आले, तर आज राब भाजायचा की दोन दिवस थांबायचं, हे घरबसल्या ठरवता येतं.

वणव्याचा हंगाम कधी?

मुंबई परिसरातून नैऋत्य मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला परततो आणि ११ जूनला पुन्हा येतो. मधले आठ महिने जवळपास कोरडे. ऑक्टोबरात कमरेएवढं वाढलेलं गवत नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळं पडतं. जानेवारीपासून साग, ऐन, पळस यांची पानगळ सुरू होते. फेब्रुवारीत डोंगरावर गवत आणि पाचोळा मिळून जळणाचा थर तयार असतो. म्हणूनच राज्याचा वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम धरतो.

या चार महिन्यांतही सगळे दिवस सारखे नसतात. आपल्याकडे फेब्रुवारीचा उत्तरार्ध, मार्च आणि एप्रिल जास्त धोक्याचे. या काळात जमिनीवरून येणारे कोरडे वारे जोरात असतात. मे महिन्यात ऊन कडक असलं, तरी समुद्राकडून दमट हवा येऊ लागते. अंगाला घाम येतो, गवतही थोडं दमट राहतं. पण मे महिना सुरक्षित असतो, असा याचा अर्थ नाही.

आग लागते कशी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या डोंगरांवर वीज पडून आग लागणं दुर्मीळ आहे. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, काही मुद्दाम आणि बरेचसे चुकून.

कारणं गावाला माहीत असतातच. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आग बांधाबाहेर जाते. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं, या समजुतीने माळ पेटवतात. सशामागे लागणारे शिकारी रान पेटवतात. गडावर आलेले पर्यटक चूल पेटती सोडून उतरतात. रस्त्याकडेला कुणी विडी-सिगारेटचं थोटूक टाकतं. कचऱ्याच्या ढिगाची आग शेजारच्या माळावर जाते. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, तर ठिणग्या गवतात पडतात.

यातलं प्रत्येक काम कालही झालेलं असतं आणि परवाही होणार असतं. वणवा मात्र एखाद्याच दिवशी हाताबाहेर जातो. त्या दिवसाचं वेगळेपण हवामानात असतं.

मुंबईचा अंदाज इथे जसाच्या तसा लागू होत नाही

बातम्यांत ‘मुंबईचं तापमान’ म्हणून जे सांगतात, ते भारतीय हवामान विभागाच्या कुलाबा किंवा सांताक्रूझ केंद्रावरचं असतं. कुलाबा समुद्राला लागून आहे आणि सांताक्रूझही किनाऱ्याजवळच आहे. अंबरनाथ-बदलापूर मात्र खुल्या समुद्रापासून साधारण ३५ ते ४५ किलोमीटर आत. मुरबाड त्याहून आत.

दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र हळू तापतो. त्यामुळे दुपारकडे समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो. हा वारा थंड आणि दमट असतो. तो किनाऱ्यावर आधी पोहोचतो, आपल्याकडे उशिरा, आणि इथे येईपर्यंत त्याचा गारवा कमी झालेला असतो. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असेल, तर समुद्राचा वारा आणखी रखडतो. अशा दिवशी किनाऱ्यावरही पारा चढतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. इथे आत तर मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो आणि दुपारची हवा मुंबईपेक्षा कितीतरी कोरडी असते.

म्हणून ‘मुंबईत ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्के’ हे वाचून निर्धास्त होऊ नये. ठाणे जिल्ह्याचा, आणि मिळत असेल तर आपल्या तालुक्याचा अंदाज पाहावा.

अंदाजातले चार आकडे

पहिला आकडा आर्द्रतेचा. वणव्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा. हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, त्यातली किती टक्के आत्ता आहे, ते आर्द्रता सांगते. पहाटे ती जास्त असते, म्हणून गवतावर दव दिसतं. दुपारी दोन ते चारच्या सुमाराला ती सर्वांत कमी असते. वाळलेलं गवत हवेप्रमाणे ओलं-कोरडं होतं आणि त्यासाठी त्याला तासभरही पुरतो. सकाळी काडी ओढूनही न पेटणारं गवत दुपारी ठिणगीने पेटतं, ते यामुळेच. अंदाजात सकाळची आणि दुपारनंतरची अशा दोन आर्द्रता असतील, तर दुपारनंतरची पाहायची. ती ३० टक्क्यांच्या खाली असेल, तर दिवस धोक्याचा.

दुसरा आकडा वाऱ्याचा. वेग ताशी किलोमीटरमध्ये दिलेला असतो. ताशी दहापर्यंतच्या वाऱ्यात पानं हलतात. वीसच्या पुढे लहान फांद्या हलू लागतात, आणि अशा वाऱ्यात गवताची आग माणसाला आवरत नाही. दिशा ही वारा जिकडून येतो त्या बाजूने सांगतात. ‘पूर्वेचा वारा’ म्हणजे पूर्वेकडून येणारा. काही ठिकाणी दिशा अंशांत असते: ९० म्हणजे पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम, ३६० उत्तर.

तिसरा आकडा कमाल तापमानाचा. जगभरात वणव्यासाठी एक ढोबळ नियम वापरतात: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल, तर मोठा धोका. आपल्याकडे मार्चमध्ये तापमान बहुतेक रोजच तिशी ओलांडतं. त्यामुळे एकट्या तापमानावरून इथे फारसं कळत नाही. आर्द्रता आणि वारा पाहिल्याशिवाय उपयोग नाही.

चौथा आकडा पावसाचा. आज पाऊस आहे का, यापेक्षा शेवटचा पाऊस कधी आणि किती झाला हे पाहायचं. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो दिवस पावसाचा धरतो. मार्चमधल्या अवकाळी शिंतोड्यांनी धूळ बसते, पण दुसऱ्या दिवशीच्या उन्हात गवत पुन्हा पहिल्यासारखं होतं. ‘परवा पाऊस पडून गेलाय, आता काही होत नाही’ हा हिशेब गवताच्या बाबतीत चुकतो.

या चार आकड्यांत उतार मिळवायचा. चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ असतात आणि ते आधीच तापवून वाळवतात. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. सपाट माळावर आवरता येणारी आग चंदेरीच्या किंवा तावलीच्या चढावर आवरत नाही.

दुपारी वारा फिरतो, तेव्हा

आपल्या भागातला सर्वांत फसवा धोका हा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी वारा बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येकडून असतो. दुपारी समुद्राचा वारा पोहोचला की तो पश्चिम-वायव्येचा होतो.

समजा, सकाळी दहाला ईशान्येच्या वाऱ्यात माळ पेटला. आग नैऋत्येकडे सरकते आणि मागे लांबट जळका पट्टा सोडते. लोक तिच्या तोंडाशी उभे राहून ती झोडपत असतात. दुपारी वारा वायव्येचा होतो. आता आगीची आग्नेयेकडची अख्खी लांब बाजू पुढे सरकू लागते. सकाळी शंभर फुटांचं असलेलं तोंड क्षणात अर्ध्या किलोमीटरचं होऊ शकतं. जी वाडी आगीच्या वाटेवर नव्हतीच, ती समोर येते. जो माणूस बाजूला सुरक्षित उभा होता, तो अडकतो.

असाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ रोजी झाला. व्हिक्टोरिया राज्यात त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. मेलबर्नला पारा ४६.४ अंशांवर होता आणि संध्याकाळी वारा फिरल्यावर आगींच्या लांब बाजू पुढे धावल्या. आता त्या देशात वणव्याच्या धोक्याचे चार टप्पे जाहीर होतात: मध्यम, जास्त, अतितीव्र आणि महाविनाशक. अतिधोक्याच्या दिवशी उघड्यावर चूल पेटवायलाही बंदी असते. आपल्याकडे तशी रोजची पाटी गावात लागत नाही. ती अंदाज पाहून आपणच मनात लावायची.

पिवळा, नारिंगी, लाल: रंगांचा अर्थ

हवामान विभाग जिल्ह्यांना चार रंग देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग पाऊस, वादळ, वीज, उष्णतेची लाट यांसाठी असतात. वणव्यासाठी नसतात.

किनारी भागात कमाल तापमान निदान ३७ अंश असेल आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असेल, तेव्हा उष्णतेची लाट धरतात. समजा, एखाद्या दिवशी पारा ३६ आहे, आर्द्रता २० टक्के आहे आणि पूर्वेचा वारा ताशी २५ किलोमीटरने वाहतोय. लाटेचा निकष पूर्ण होत नाही, म्हणून जिल्हा नकाशावर हिरवा दिसू शकतो. डोंगरावर मात्र वणव्यासाठी तो दिवस अत्यंत वाईट. नकाशा हिरवा दिसला म्हणून राब पेटवायला हरकत नाही, असं समजू नये. उलट उष्णतेचा पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल, तर त्या दिवशी काडी ओढूच नये.

अंदाज कुठे पाहायचा?

हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप जवळच्या केंद्रावरचं सध्याचं तापमान, आर्द्रता, वारा आणि पुढच्या दिवसांचा अंदाज दाखवतं. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ ॲप जास्त उपयोगाचं. ते मराठीत आहे, त्यात जिल्हा निवडला की पुढच्या काही दिवसांची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा मिळते. मंगळवारी आणि शुक्रवारी नवा कृषी सल्ला येतो. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत.

आग लागल्यावरची सूचना डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मिळते. उपग्रहावरची उपकरणं जमिनीवरची उष्ण ठिकाणं टिपतात. एका उपकरणाची नजर एक किलोमीटरच्या चौकोनाची, दुसऱ्याची ३७५ मीटरच्या चौकोनाची. ही सूचना वन कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर जाते. ‘वन अग्नी’ या संकेतस्थळावर नाव नोंदवून सामान्य माणसालाही ती मोफत घेता येते. पण उपग्रह सतत डोक्यावर नसतो, दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. मधल्या काळात पेटलेली आग गावातल्या माणसालाच आधी दिसते. त्यामुळे फोन करायला उपग्रहाची वाट पाहू नये.

राब भाजायचा असेल तर

वणव्याची चर्चा निघाली की बोट शेतकऱ्याकडे दाखवलं जातं. पण भाजलेल्या राबात तण कमी उगवतं आणि रोप जोमाने येतं, हा पिढ्यांचा अनुभव आहे. ‘राब भाजू नका’ एवढंच सांगून काम भागत नाही. भाजायचाच असेल, तर दिवस आणि वेळ निवडता येते.

आदल्या संध्याकाळी अंदाज पाहा. दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली किंवा वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर सांगितला असेल, तर बेत पुढे ढकला. पहाटे दव असताना पेटवा आणि सकाळी नऊच्या आत विझवून मोकळे व्हा. राबाभोवती निदान दहा फुटांचा पट्टा गवत-पाला काढून उघडा करा. डोंगराकडची बाजू आधी साफ करा. दोन-तीन माणसं, पाण्याचे हंडे आणि हिरवे डहाळे तयार ठेवा. वनरक्षकाला आणि शेजारच्या शेतकऱ्याला आधी कळवा. शेवटी राखेवर पाणी मारा आणि दुपारी बारा वाजता पुन्हा एक फेरी मारा. सकाळी विझलेली वाटणारी राख दुपारच्या वाऱ्यात पुन्हा फुलते.

राब न भाजता भात घेण्याची वाटही जवळच आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायम गादीवाफ्यावर थेट बियाणं टोकतात. रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही.

वणवा दिसला तर

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, अग्निशमन दलासाठी १०१, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर चार गोष्टी सांगा: गाव किंवा पाडा, डोंगराची कुठली बाजू, आग वर चाललीय की खाली, आणि जवळ घरं किंवा माणसं आहेत का.

विझवायला जाताना सुती कपडे आणि पायात जोडे असावेत. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटतो. लहान आग बाजूने आणि मागून झोडपत आणायची, तोंडासमोर उभं राहायचं नाही. आग खाली आणि आपण वर, असं चढावर कधीच राहू नये. अडकलोच, तर आधीच जळून गार झालेल्या काळ्या जमिनीवर जावं, तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं. समोरून प्रतिआग लावण्याचं काम वन कर्मचाऱ्यांवर सोपवावं.

ट्रेकला येणाऱ्यांनाही हे सांगायला हवं. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकर्सचा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. वाळलेलं गवत आणि तीव्र उतार तिथेही होता. चंदेरी, मलंगगड, माहुली इथल्या मार्चच्या दुपारीही हेच असतं.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं, किंवा त्या वनाला धोका होईल अशी आग नियम मोडून पेटवणं अथवा पेटती सोडणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास, दंड आणि नुकसानभरपाई होऊ शकते. संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे. तानसासारख्या अभयारण्यात आग लावण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार मनाई आहे.

गावाने लक्षात ठेवावी अशी तरतूद कलम २६ मध्येच पुढे आहे. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार सरकारला आहे. म्हणजे काडी एकाची, आणि गुरं अख्ख्या गावाची बाहेर. तसंच कलम ७९ नुसार वनात हक्क असलेल्या लोकांनी आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

वणव्यात घर, गोठा, गंजी किंवा कलमं जळाली, तर तलाठ्याला, म्हणजेच आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. जागा साफ करण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत.

जळतं ते काय?

आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरून जातो. मोठी झाडं काळवंडून उभी राहतात आणि पहिल्या पावसात गवत हिरवं होतं. त्यामुळे काही बिघडलं नाही असं वाटतं. पण दोन-तीन वर्षांची रोपं मात्र जळून जातात. २०१७ च्या पावसाळ्यात अंबरनाथ तालुक्यातल्या मांगरूळच्या टेकडीवर हजारो हातांनी एक लाख रोपं लावली. पुढच्या कोरड्या दिवसांत तिथे आगी लागल्या आणि त्या रोपांचं मोठं नुकसान झालं. मार्च ते मे हा तितर, टिटवी, रातवा यांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ, तीही जातात. उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या सरींत ओढ्यांतून वाहून जाते. डोंगरात पाणी मुरत नाही आणि पुढच्या एप्रिलात पाड्याची विहीर लवकर तळ गाठते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत रोज संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने तीन गोष्टी टाकल्या तरी पुरे: उद्या दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. सोबत एक ओळ: ‘उद्या राब पेटवू नये’ किंवा ‘पहाटे पेटवून नऊच्या आत विझवावा’.